कादंबरी लिहिताय? मग तिची दुसरी प्रत कुठे आहे?

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितले होते की, बुद्धाचा धम्म सामान्य माणसाला सोप्या भाषेत समजावून देणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत आणि तो पुरा व्हायला वर्षभर लागेल. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण धम्मभूमीवर जातो, या भाषणाची आठवण काढतो. पण त्या ग्रंथाच्या कागदांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ग्रंथाचे आधीचे नाव ‘द बुद्धा अँड हिज गॉस्पेल’ होते, ते बदलून ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ झाले. मजकूर वाढला, दुरुस्त्या झाल्या, पुन्हा टंकलेखन झाले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरी नानकचंद रत्तू यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद बाबासाहेबांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब नव्हते. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण बाबासाहेबांनी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. ती १९८० मध्ये भगवान दास यांनी छापली, तेव्हा लोकांपुढे आली.

बाकी कागदांची कथा याहून वाईट आहे. रत्तू यांनी लिहून ठेवले आहे की, जानेवारी १९६७ मध्ये अलीपूर रोडवरचे घर रिकामे केले गेले, तेव्हा कागदपत्रे उघड्यावर टाकली गेली आणि पावसात भिजली. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली, वसंत मून यांनी जन्मभराचे काम समजून ते कागद लावले आणि १९७९ पासून इंग्रजी खंड निघू लागले. १९८७ चे तिसरा आणि चौथा खंड उघडून पाहा. कुठे प्रकरण अर्धे आहे, कुठे पाने सापडलेली नाहीत, कुठे क्रम संपादकांनी लावलेला आहे.

आणखी एक प्रसंग. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या जहाजाने यायची होती. महायुद्ध चालू होते. पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज बुडाले आणि पुस्तकेही गेली.

हे सगळे आठवायचे कारण असे की, बाबासाहेबांच्या कागदांमागे उशिरा का होईना, शासन, समिती आणि चळवळ उभी राहिली. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीत बसून मोबाईलवर कादंबरी लिहिणाऱ्या मुलीच्या मागे कोण आहे? तिचे लेखन हरवले तर ते शोधायला समिती नेमली जाणार नाही.

आणि लिहिणारी मुले आहेत. कामानिमित्त टाकवे, वडेश्वर, खांडी, सावळे या पट्ट्यात फिरते तेव्हा दर दोन-तीन गावांमागे एखादे तरी भेटते. कोणी कंपनीत शिफ्ट करून रात्री लिहिते, कोणी आजीने सांगितलेल्या गोष्टी रेकॉर्ड करते. एका मुलीने जवळपास सत्तर पानांचा मजकूर मोबाईलच्या चॅटमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवून साठवला होता. भाताच्या लावणीत फोन चिखलात पडला. फोन दुरुस्त होऊन आला, पण त्यातले काही उरले नव्हते. त्यानंतर वर्षभर तिने काहीही लिहिले नाही. सत्तर पाने पुन्हा लिहिता येतात असे आपण बाहेरून म्हणतो, पण ज्याने लिहिलेली असतात त्याला ते तितके सोपे नसते.

समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. आंदर मावळाबद्दलची कागदपत्रे कोणाकडे आहेत? वडगावच्या तहसील कचेरीत, वन खात्यात, वीज कंपनीच्या दप्तरात. म्हणजे आपल्याबद्दल दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी जपलेल्या आहेत. आपण स्वतः केलेल्या नोंदी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आणि तरुणांच्या मोबाईलमध्ये आहेत. मुळशीचा सत्याग्रह सेनापती बापटांमुळे इतिहासात गेला. ठोकळवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारांची गोष्ट तेवढी कुठे सांगितली जात नाही. ती सांगायला कादंबरी हे चांगले माध्यम आहे, म्हणून ती नीट लावून ठेवण्याचे आणि तिच्या प्रती राखण्याचे साधे तंत्र इथे मांडते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

एका मोठ्या फाईलचा मोह

बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. ‘कादंबरी’ नावाची एक फाईल उघडतात आणि शेवटपर्यंत त्यातच लिहीत जातात. शंभर पाने झाली की मोबाईलवर ती फाईल उघडायला वेळ लागतो, एखादा प्रसंग शोधायचा तर बोट दुखेपर्यंत सरकवावे लागते आणि ती एक फाईल बिघडली की सगळेच बिघडते.

त्याऐवजी एक मुख्य फोल्डर करा. त्याला कादंबरीचे नाव देऊ नका, कारण नाव बदलते. वर पाहिलेच, बाबासाहेबांच्या ग्रंथाचेही बदलले. ‘आंदर प्रकल्प’ असे काहीतरी साधे नाव पुरते. त्याच्या आत पाच कप्पे ठेवा: मसुदा, माणसे, काळ, साहित्य आणि जुने.

‘मसुदा’मध्ये प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल. नावाच्या सुरुवातीला क्रमांक द्या आणि तो तीन अंकी ठेवा: ०१० धरण, ०२० आजोळ, ०३० विहीर. दहा-दहाचे अंतर ठेवले की मध्ये नवे प्रकरण घालायचे असेल तर ०१५ देता येते, बाकीच्या फायलींची नावे बदलावी लागत नाहीत. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरी फायनल’ अशी नावे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सहा महिन्यांनी त्यातली खरी कोणती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा तारीख लिहा, तीही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०७-१०. अशी लिहिली की संगणक फायली आपोआप काळाच्या क्रमाने लावतो.

‘माणसे’ या कप्प्यात प्रत्येक पात्राचे एक पान. जन्मसाल, गाव, नाते, बोलण्याची लकब. यात एक गोष्ट आपल्या कादंबऱ्यांना खास लागते. त्या पात्राच्या तोंडी वस्तीचे नाव काय आहे आणि ते कोणत्या सालापासून बदलते? धर्मांतराआधी गावात वस्तीला जे नाव होते ते नंतर बदलले. कुठे बौद्धवाडी झाली, कुठे भीमनगर. आजी अजून जुने नाव घेते, नातू घेत नाही. हा फरक कादंबरीत नीट उतरला तर वाचकाला पन्नास वर्षांचा प्रवास न सांगता कळतो. तो लेखकाच्या नकळत मागे-पुढे झाला तर सगळा विश्वास जातो. बोलीचे शब्दही याच कप्प्यात एका फाईलमध्ये जमवा. एक पात्र पहिल्या प्रकरणात ‘व्हता’ म्हणते आणि सातव्यात ‘होता’, तेव्हा ही यादी कामी येते.

वर्षांचा तक्ता

‘काळ’ या कप्प्यात फक्त एक तक्ता ठेवा. एक्सेलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये. पहिल्या रकान्यात साल, दुसऱ्यात बाहेरची घटना, पुढच्या रकान्यांत प्रत्येक पात्राचे त्या साली असलेले वय.

समजा, तुमची आजी १९२२ मध्ये जन्मली. टाटांच्या आंध्र व्हॅली प्रकल्पातून भिवपुरीला वीज तयार होऊ लागली ते हेच वर्ष. देहूरोडच्या कार्यक्रमाला ती बत्तीस वर्षांची असेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर चौतीस वर्षांची. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा, तेव्हा ती छत्तिशीची. १९७२ च्या दुष्काळात पन्नाशीची. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ मध्ये, तेव्हा ऐंशीची. इतके एका पानावर लिहिले की कथेतल्या अशक्य गोष्टी आपोआप उघड्या पडतात. महारकीचे वतन संपल्यावरही एखादे पात्र सक्तीने गावकीचे काम करताना दाखवायचे असेल, तर ते जाणीवपूर्वक दाखवा. कायदा झाला तरी गाव बदलले नव्हते, हे खरेच आहे. पण लेखकाला साल माहीत नसल्याने तसे झाले असेल, तर वाचक ते ओळखतो.

छोट्या गोष्टीही तक्ता पकडतो. १९५४ साली वडगावहून देहूरोडला निघालेला माणूस ‘लोकल’ने गेला, असे एका मुलाने लिहिले होते. पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली १९७८ मध्ये. त्याला गाडी ठेवायची होती, त्याने ‘पॅसेंजर’ लिहिले आणि प्रश्न मिटला.

मला विचाराल तर पाच कप्प्यांपैकी हा तक्ता सर्वांत मोलाचा. सॉफ्टवेअरच्या गप्पा मारणारे लोक नेमका हाच सोडून देतात.

आवाज आधी जपा

‘साहित्य’ या कप्प्यात मुलाखती, फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, वर्तमानपत्रांची कात्रणे. यातल्या सगळ्यांची किंमत सारखी नाही. प्रकरण पुन्हा लिहिता येते, सातबारा पुन्हा काढता येतो. नव्वद वर्षांच्या माणसाचा आवाज पुन्हा मिळत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. त्या पिढीच्या बायका तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या. दहा-पंधरा वर्षे उशीर झाला असता तर त्यातल्या कितीतरी जणींना भेटताच आले नसते.

म्हणून रेकॉर्डिंग केले त्याच दिवशी त्याची दुसरी प्रत करा. पौर्णिमेची, रविवारची वाट पाहू नका. फाईलचे नाव तारीख, गाव आणि विषय असे ठेवा. माणसाचे नाव फाईलच्या नावात घालायचे की नाही, हे त्यांना विचारून ठरवा. वतनाच्या, जमिनीच्या, अत्याचाराच्या गोष्टी सांगणारे अनेकजण अजून त्याच गावात राहतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांची परवानगी त्यांच्या आवाजात घ्या.

जागेची चिंता नको. ऐंशी हजार शब्दांची मराठी कादंबरी साध्या मजकुराच्या रूपात दोन एमबीच्या आत बसते. मोबाईलचा एक फोटो त्याहून मोठा असतो. तासाभराचे साधे एमपी३ रेकॉर्डिंग, १२८ केबीपीएसचे, सुमारे ५८ एमबी होते. गुगलच्या खात्यावर फुकट मिळणारी जागा १५ जीबी आहे. म्हणजे कादंबरी आणि बऱ्याच तासांच्या मुलाखती सहज मावतात.

कोणते सॉफ्टवेअर?

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांचे तसेच आहे, त्यांनी गुगल डॉक्स वापरावे. प्रत्येक प्रकरण वेगळे डॉक्युमेंट. टाकव्याच्या पुढे रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन त्या फायली ऑफलाईन उपलब्ध करून ठेवा. मराठी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डवर बोलून लिहिता येते, दुरुस्त्या मात्र हाताने कराव्या लागतात. बोलीतले शब्द तो हमखास प्रमाण मराठीत बदलतो, तेवढे डोळ्यात तेल घालून पाहा.

ज्यांच्याकडे किंवा ज्यांच्या विहाराच्या वाचनालयात संगणक आहे, त्यांच्यासाठी लिबरऑफिस रायटर पुरेसे आहे. ते फुकट आहे. प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग’ची शैली दिली आणि एफ ५ दाबले की बाजूला सगळ्या प्रकरणांची यादी दिसते, तिथून प्रकरण वर-खाली हलवता येते. प्रकरणे वेगळ्या फायलींत लिहून शेवटी एकत्र जोडताना हे फार उपयोगी पडते. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन, लोड/सेव्हच्या जनरल भागात, दर वेळी बॅकअप प्रत ठेवण्याचा पर्याय चालू करा. त्यामुळे फाईल जतन करताना आधीची आवृत्तीही राहते. त्यातले ‘ऑटोरिकव्हरी’ वेगळे. ते वीज गेल्यावर नुकतेच लिहिलेले परत मिळवून देण्यापुरते असते, त्याला बॅकअप समजू नका.

खास कादंबरीसाठी बनवलेलेही एक फुकट सॉफ्टवेअर आहे, वायरायटर. ऑस्ट्रेलियातले सायमन हेन्स स्वतः कादंबरीकार आणि प्रोग्रामर, त्यांनी ते बनवले. त्यात कादंबरी प्रकरणांत आणि प्रकरणे प्रसंगांत विभागता येतात, पात्रांची आणि ठिकाणांची यादी ठेवता येते, ते आपोआप बॅकअपही घेते. ज्यांच्या कादंबरीत तीन पिढ्या आणि चाळीस पात्रे आहेत त्यांनी बघायला हरकत नाही. पण आधी देवनागरीतली दहा ओळी लिहून, जतन करून, पुन्हा उघडून पाहा. नवे सॉफ्टवेअर शिकण्यातच पावसाळा गेला आणि एक प्रकरणही झाले नाही, असेही घडते. माझ्या मते दहापैकी आठ जणांना फोल्डर आणि साध्या फायली पुरतात.

आता मराठीपुरती एक महत्त्वाची गोष्ट. मूळ प्रत नेहमी युनिकोडमध्येच ठेवा. मोबाईलवर आपण टाइप करतो ते युनिकोडच असते. अडचण डीटीपीच्या दुकानात सुरू होते. तिथे अजूनही श्रीलिपी, कृतिदेव असे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जातात. त्यात टाइप केलेली फाईल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. दुकानदाराने दुरुस्त्या त्याच्याकडच्या फाईलमध्ये केल्या आणि तुमची मूळ फाईल जुनीच राहिली, तर पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना सगळे पुन्हा टाइप करावे लागते. पुस्तक छापताना त्यांना लागेल त्या फॉन्टमध्ये बदलून देऊ दे, पण शेवटच्या दुरुस्त्या तुमच्या युनिकोड फाईलमध्ये आल्याच पाहिजेत. पीडीएफ ही दाखवायची प्रत आहे, तिच्यावरून पुन्हा मजकूर काढताना जोडाक्षरे मोडतात. आणि अधूनमधून पूर्ण कादंबरी साध्या टेक्स्ट फाईलमध्येही जतन करा, यूटीएफ-८ निवडून. कोणतेही सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती फाईल उघडेल.

दुकानात जाताना वेगळा पेनड्राईव्ह न्या. तिथल्या संगणकावरून व्हायरस येतो, फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसतात. बाहेर फिरणारा पेनड्राईव्ह आणि घरात राहणारा पेनड्राईव्ह एक नको. आणि दुकानाच्या संगणकावर ईमेल उघडलात तर लॉगआऊट करून, डाउनलोडमधली आपली फाईल पुसून मगच उठा.

तीन प्रती, दोन प्रकार, एक गावाबाहेर

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्यासाठी ३-२-१ हा नियम लोकप्रिय केला. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. त्रिपिटक लिहिले जाण्याआधी ते भाणकांनी पाठ करून जपले. कोणी दीघनिकाय पाठ करी, कोणी मज्झिमनिकाय, आणि एक भाग अनेकांच्या मुखी असे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेल्या खांबाचा शिलालेख आजही आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि लढाया आल्या, भाणकच उरणार नाहीत अशी भीती निर्माण झाली, तेव्हा आलुविहारात त्रिपिटक लिहून काढले गेले. भारतात नष्ट झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज तिबेटी आणि चिनी भाषांतरांमुळे माहीत आहेत. प्रत दूर गेली होती म्हणून वाचली.

आंदर मावळात हा नियम असा बसवता येईल. पहिली प्रत, ज्यावर तुम्ही रोज लिहिता तो मोबाईल किंवा संगणक. दुसरी, पेनड्राईव्ह. मोबाईलला थेट लागणारा ओटीजी पेनड्राईव्ह मिळतो, तो घ्या. गुगल डॉक्समधून प्रत्येक प्रकरण वर्ड फाईल म्हणून उतरवून त्यावर टाका. तिसरी, गावाबाहेर: गुगल ड्राईव्हवर, आणि शक्य असेल तर पिंपरी-चिंचवडला किंवा देहूरोडला राहणाऱ्या मामा-आत्याच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या पेनड्राईव्हवरही.

यात एक फसगत होते. फाईल ड्राईव्हवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असे वाटते. पण ड्राईव्ह तुमच्या मोबाईलशी जोडलेला असतो. तुम्ही इकडे चुकून प्रकरण पुसले की तिकडचेही पुसले जाते. ट्रॅशमध्ये ते तीस दिवस राहते, नंतर कायमचे जाते. शिवाय दोन वर्षे कोणी न वापरलेले गुगल खाते कंपनी बंद करू शकते आणि त्यातले सगळे पुसू शकते. म्हणून ज्याला हात लावायचा नाही, अशी वेगळी प्रत हवीच. ‘जुने’ हा पाचवा कप्पा त्यासाठी आहे. ठरलेल्या दिवशी पूर्ण ‘मसुदा’ कॉपी करून, तारखेचे नाव देऊन त्यात टाकायचा आणि पुन्हा कधी उघडून बदलायचा नाही. तिसऱ्या महिन्यात कापलेला प्रसंग नवव्या महिन्यात हवासा वाटतो, तेव्हा तो इथे सापडतो. हा कप्पाही पेनड्राईव्हवर गेला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

पेनड्राईव्हवर वर्षानुवर्षे विसंबू नका. आमच्याकडच्या पावसात तो टीव्हीच्या कपाटात ठेवला तरी दमट होतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, तांदळाबरोबर नव्हे, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, आणि दोन-तीन वर्षांनी बदला.

कादंबरीचा एक मसुदा पूर्ण झाला की एक छापील प्रत काढा. झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही बाजूंनी छापली तर खर्च आवाक्यात राहतो. चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि आईला वाचायला देता येते.

दिवस ठरवून घ्या

‘वेळ मिळेल तेव्हा बॅकअप घेईन’ असे म्हणणाऱ्याचा बॅकअप कधीच होत नाही. आपल्याकडे दिवस आधीच ठरलेला आहे. पौर्णिमेला विहारात वंदनेला जमतोच. त्या दिवशी सकाळी पेनड्राईव्हवर प्रत घ्यायची, ‘जुने’ कप्प्यात तारीख टाकायची. वर्षात बारा-तेरा वेळा होते, तेवढे पुरे. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, विहारांत ग्रंथवाचन चालते. तोच काळ आंदर मावळात मुसळधार पावसाचा, लाईट दोन-दोन दिवस जाण्याचा आणि लिहायला निवांतपणा मिळण्याचाही. त्या तीन महिन्यांत मात्र पंधरा दिवसांनी प्रत घ्या.

एका विहारात लिहिणारे तीन-चार जण असतील तर आणखी चांगले. एकमेकांचे पेनड्राईव्ह एकमेकांच्या घरी ठेवता येतात. मजकूर दुसऱ्याने वाचू नये असे वाटत असेल तर फोल्डर पासवर्ड लावून झिप करता येते. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी चालते. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात ठेवा, कारण तो विसरला तर फाईल उघडून देणारा कोणी नाही.

सहा महिन्यांतून एकदा परीक्षा घ्या. पेनड्राईव्ह दुसऱ्याच्या संगणकाला लावा आणि कोणतेही एक प्रकरण व एक रेकॉर्डिंग उघडून पाहा. अक्षरे नीट दिसतात का, आवाज शेवटपर्यंत वाजतो का. प्रत घेतली जाते पण ती उघडते की नाही हे कोणी पाहत नाही. गरज पडते त्या दिवशी कळते की फोल्डरमध्ये फक्त शॉर्टकट होते.

आणि मुख्य फोल्डरमध्ये, सर्वांत वर, ‘आधी हे वाचा’ नावाची एक साधी फाईल ठेवा. त्यात लिहा: कोणत्या तारखेचा मसुदा शेवटचा धरायचा, प्रकरणांचा क्रम काय, प्रस्तावना व अर्पणपत्रिका पुस्तकात जायची आहे की नाही, कोणत्या मुलाखतींतली नावे बदलायची आहेत, बाकीच्या प्रती कोणाकडे आहेत. गुगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. तुम्ही ठरावीक महिने खाते वापरले नाही तर त्यातल्या फायली कोणाला मिळाव्यात, ते तिथे नोंदवता येते. तिशीतल्या माणसाला हे आताच कशाला, असे वाटेल. दहा मिनिटांचे काम आहे. बहिणीचे, मित्राचे किंवा ज्याला तुमचे लेखन समजते अशा कोणाचे नाव त्यात भरा आणि त्यांना तसे सांगूनही ठेवा.